सांगवीचा मामा

"खाटकाकडून मटण आणतात ते आळशी, साहेब! बोकड कसा, शेतकऱ्याच्या दावणीचा हवा. बाभळीच्या शेंगा खाऊन माजलेला. रविवारी या तुम्ही. असा रस्सा पाजतो, की वासानं लोणावळ्याची गाडी कासारवाडीला दुपारभर अडून राहील!"

ज्योतीराम हे बोलला तेव्हा समोर सुपरवायझर दौलतराव उभे होते. पत्र्याचे डबे करणाऱ्या त्या कारखान्यात ज्योतीराम अजून टेंपरवारी होता, आणि कोणाला कायम करायचं ते दौलतराव ठरवीत. दौलतरावांचं मटणावरचं प्रेम सगळ्या शिफ्टला ठाऊक होतं.

"येतो," दौलतराव म्हणाले. "पण रस्सा तसा नसला तर बघ हो!"

म्हणजे आता नोकरीच त्या पातेल्यात शिजायची होती.

रविवारी उजाडताच ज्योतीराम पवना नदी ओलांडून सांगवीला पोचला. उस्मानाबादकडचा गडी, इथं ना ओळख ना पाळख. अनोळखी माणसाला शेतकरी चांगला बोकड दाखवत नाही, मरतुकडा गळ्यात मारतो, असं त्याच्या मनानं घेतलेलं. त्यावर त्यानं तोडही काढली होती. गावात शिरताना एकाला विचारून घेतलं, "चांगला बोकड कुणाच्या गोठ्यात?" त्यानं सोपानराव वाघोल्यांचं घर दाखवलं. तिथं ओट्यावर टेकताच ज्योतीराम म्हणाला,

"आमच्या आईचं माहेर वाघोल्यांचंच!"

खरं तर तिचं माहेर गपाटांचं. वाघोले तिनं स्वप्नातही पाहिले नव्हते.

सोपानरावांच्या हातातली चिलीम थांबली. "कंचं वाघोलं?"

"तेच... पूर्वी इकडून तिकडं गेलेले."

"आरं, आमचा चुलता दुष्काळात तिकडंच गेला की! मंजी तू आमचा भाचा! छबे, गूळपानी आन! भाचा आलाय!"

छबूबाई धावत आल्या. त्यांच्यामागून वाघोल्यांची भावकी आली. तालमीतल्या पोरांनी ज्योतीरामला असं कवटाळलं, की दोन बरगड्यांनी जागा बदलल्या. आता 'खोटं बोललो' म्हणावं, तर उरलेल्याही बदलतील!

"मामा, मी बोकड विकत घ्यायला आलो होतो," तो कसाबसा म्हणाला.

गोठ्यात खरोखरच एक काळाभोर बोकड होता. रेड्याचा धाकटा भाऊ शोभेल असा!

"इकत?" सोपानराव उसळले. "भाच्याकडनं पैसं घिऊ? नरकात जाऊ व्हय आमी?"

ज्योतीरामच्या तोंडाला पाणी सुटलं. फुकट की काय!

"आन् भनीच्या घरी पयल्यांदा जायाचं, ते सुरीखालचं जनावर घिऊन? न्हाई. तिला दुभती शेळी दिऊ. गाडी जुंपा रं!"

उन्हाळ्यानं नदीला गुडघाभर पाणी. उतारावरून बैलगाडी निघाली. गाडीत सोपानराव, छबूबाई, हिरवं लुगडं, खणाची चोळी आणि कपाळाला हळदकुंकू लावलेली शेळी. कडेला ज्योतीराम, अंगावर गाडी उलटल्यासारखं तोंड करून.

चाळीत आई कौशल्याबाई मसाला वाटून वाटच बघत होती. ज्योतीरामनं पुढं पळत जाऊन कानात सांगितलं, "आई, तू आता वाघोल्यांची लेक. नंतर सांगतो!"

त्याला वाटलं, म्हातारी बोंब ठोकणार. पण कौशल्याबाईला सख्खा, चुलत, मावस, कसलाच भाऊ नव्हता. तिनं लुगडं बघितलं, शेळी बघितली, आणि सोपानरावांच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला, की शेजारची रुक्मिणीबाई कोण गेलं ते विचारायला आली.

"किती वरसांनी आलास रे दादा!"

"चुकलं, आक्का!" सोपानरावही डोळे पुसू लागले.

ज्योतीरामनं आईला आत ओढलं. "अगं, साहेब येतायत. शेळी तर शेळी, तिचंच..."

"माहेरच्या शेळीला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

आणि दारात दौलतराव!

भरल्या पंगतीत ताटात आलं पिठलं. पिठल्याच्या जोडीला मटणाच्या मसाल्याचा वास तेवढा होता. दौलतरावांनी पिठल्याकडे बघितलं, मग ज्योतीरामकडे. त्या नजरेत टेंपरवारी नोकरीही शिल्लक दिसेना.

"आणि तो शेंगा खाल्लेला बोकड?"

"त्यो हाय की आमच्या गोठ्यात," सोपानराव भाकरी मोडत म्हणाले.

"विकाल?"

"इकीन की! त्याला काय झालं? तुमी काय आमचं भाचं हायसा?"

हात वाळायच्या आत दौलतराव बैलगाडीत बसले. संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरमधून असा वास सुटला, की ज्योतीरामला पिठल्याचा ठसका लागला.

सोमवारी दौलतरावांनी त्याला बोलावून घेतलं. "तुझे मामा हिरा माणूस! तुला कायम करतोय. दर रविवारी तेवढा बोकड आणून देत जा."

ज्योतीराम कायम झाला. दर रविवारी तो साहेबांचे पैसे मामाच्या हातावर ठेवून सांगवीहून बोकड ओढत त्यांच्या दारी पोचवायचा. साहेबांचं बघून सगळा कारखाना थेट शेतकऱ्याकडून बोकड घेऊ लागला. ज्याला हवा तो सोपानरावांकडं जाई, पैसे मोजी, घेऊन येई. एकदा न राहवून ज्योतीरामही म्हणाला, "मामा, एक मलाही द्या ना. रोख घ्या."

"येडा का खुळा तू? भाच्याकडनं पैसं घ्यायचं न्हाईत, आन् फुकट बोकड वाटायला आमी काय जहागीरदार न्हाई!" सोपानरावांनी त्याची पाठ थोपटली आणि काखेत पाल्याची पेंडी दिली. "ही घे. आक्काच्या शेळीला घाल."