हेबरच्या हातून पाणी उकळलं

हेबर बोनियानं पाणी उकळू दिलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. माते म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, त्याच्या पाण्याला उकळी येऊ द्यायची नसते. किटली कुजबुजायला लागली की ती उतरवायची आणि पाणी थर्मासात ओतायचं. उकळतं पाणी आधी पाला जाळतं, मग पिणाऱ्याची जीभ. माँतेविदेओतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण त्या सकाळी हेबर किटलीसमोर उभा राहून खिडकीबाहेर बघत होता आणि किटली बोंबलून बोंबलून थकली होती.

"कुठं निघालास रे?" विल्मार एत्चार्टनं विचारलं.

"दातांच्या डॉक्टरकडे."

"निळा सूट घालून?"

"डॉक्टर नवीन आहे."

हा सूट हेबरनं कितीतरी वर्षांपूर्वी शिवून घेतला होता, एखाद्या लग्नात घालीन म्हणून. कुणाच्या लग्नात, ते शिंप्याला त्यानं सांगितलं नव्हतं आणि विल्मारनं कधी विचारलं नव्हतं. तीसेक वर्षं दोघं एका छताखाली राहत होते. शेजाऱ्यांच्या, इस्त्रीवाल्याच्या आणि मतदारांच्या लेखी हेबर हा विल्मारचा चुलतभाऊ होता. चुलतभावात इतकी माया हल्ली बघायला मिळत नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकून हेबर हसायचा आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत बसायचा.

विल्मार खासदार होता. पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करू देणाऱ्या कायद्यावर त्या दिवशी मतदान होतं. जबाबदारी आली की हात वर करण्यात विल्मारचा हात कुणी धरला नसता, पण आज हात खरोखरच वर करायचा होता. ताक्वारेम्बोच्या गुराख्यांची मतं घेऊन निवडून आलेल्या माणसाची तेवढी छाती होईना. म्हणून त्यानं रजा टाकली. खासदार रजेवर गेला की त्याचा बदली त्याच्या जागी बसतो. बदली होत्या नील्डाबाई. काय बरंवाईट व्हायचं ते त्यांच्या नावावर.

तेवढ्यात फोन वाजला.

"एत्चार्टसाहेब, मी काही पोचत नाही हो," नील्डाबाई ओरडल्या. "नदी पुलावर चढलीय! बस अलीकडेच उभी आहे. पाऊस आहे म्हणून सगळे तळलेल्या पुऱ्या खात बसलेत."

"मग दुसऱ्या बदलीला पाठवा! रोमेरोला!"

"तो इथंच आहे, माझ्या शेजारी. पाचवी पुरी चाललीय त्याची."

विल्मारनं फोन ठेवला, घरात दोन येरझाऱ्या घातल्या आणि हेबरनं त्याच उकळत्या पाण्यानं भरलेला थर्मास काखेत मारला. "मीच जातो, खुर्ची रिकामी दिसली तर बोंब होईल. डाव्या काखेत थर्मास, उजव्या हातात मातेचा तुंबा. अशा माणसानं हात वर केला नाही तर कोण काय बोलणार? हात गुंतलेले होते, झालं."

"तुझे हात तीस वर्षं गुंतलेलेच आहेत," हेबर म्हणाला. पण दार तोवर बंद झालं होतं.

संसदेच्या प्रेक्षक सज्जाशी पहारेकऱ्यानं हेबरला अडवलं. "कुणाकडून आलात?"

"एत्चार्टसाहेबांचा चुलतभाऊ."

"बसा. टाळ्या नाहीत, ओरडणं नाही. आवाज आला की बाहेर."

हेबर कठड्याशी बसला. खाली विल्मार तुंबा धरून पुतळ्यासारखा बसला होता. आजवर हेबरनं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आज मात्र त्याला फार वाटत होतं, की त्या हातानं एकदा, चारचौघांत, वर व्हावं. कायदा काय, बाकीच्यांच्या हातांनीही झाला असता.

विल्मारच्या शेजारी दॉन बाल्तासार होते, कायद्याचे कट्टर विरोधक. भाषणं ऐकून त्यांचा घसा सुकला होता. त्यांनी न विचारता हात पुढं केला. "आणा की राव इकडं. एकट्यानं काय पिताय?"

मागणाऱ्याला माते नाही म्हणणारा माणूस त्या देशात अजून जन्मायचाय. विल्मारनं ताजं पाणी ओतलं आणि तुंबा दिला. नेमके त्याच वेळी अध्यक्ष म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

बाल्तासारांनी नळीतून जोरात ओढलं. "आई गं!" म्हणत त्यांचा हात छतापर्यंत गेला. त्यांचा लालबुंद चेहरा बघून विल्मारनंही शिपायाला हाक मारायला हात उंचावला. "पाणी आणा! गार पाणी!"

चिटणिसानं बाकीच्यांबरोबर हे दोन्ही हातही मोजले. "मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

वर हेबरचे डोळे भरून आले. केला! त्यानं हात केला!

"थांबा!" बाल्तासार बोबडं बोलत उठले. "ते माझं मत नव्हतं! माझी जीभ भाजली! ह्यांनीसुद्धा हात केला तो पाणी मागायला! मतदान पुन्हा घ्या!"

हेबरला सकाळची किटली आठवली आणि त्याचा चेहरा पडला. म्हणजे तो हात गार पाण्यासाठी होता.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "मत पुन्हा घेऊ. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

बाल्तासार दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. तुंबा पुन्हा विल्मारकडे आला होता आणि थर्मास काखेत होताच. सबब जागच्या जागी तयार होती. विल्मारनं मान वर केली. त्याला कठड्याशी निळा सूट दिसला. मग त्यानं तुंबा बाल्तासारांच्या पुढ्यात ठेवला आणि हात वर केला. एक पुरेसा होता, पण गडी इरेला पेटला आणि दोन्ही केले.

काखेतला थर्मास फरशीवर आपटून फुटला. सभागृह चिडीचूप झालं. त्या शांततेत सज्जातून अगदी घरगुती आवाज आला, "अरे मेल्या, थर्मास!"

"राहू दे रे हेबर, नवा घेऊ!" विल्मार खालून ओरडला. त्याचे हात अजून वरच होते.

कायदा दुसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा पहारेकरी हेबरला दंडाला धरून पायऱ्यांवर आणत होता. "ओरडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? खासदाराचे चुलतभाऊ असाल, म्हणून काय झालं?"

भिजल्या विजारीनं, धापा टाकत विल्मार मागून आला. "चुलतभाऊ नाही तो माझा."

"मग कोण?"

विल्मारनं तोंड उघडलं. शब्द माहीत होता, पण कधी वापरलाच नव्हता, तो येईना. पहारेकऱ्यानं निळ्या सूटकडे पाहिलं, ओल्या विजारीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"थर्मासावरून एवढा ओरडला म्हणजे नवराच असणार," तो म्हणाला. "आमच्या घरीसुद्धा असंच आहे."

हेबरनं सूटची बटणं नीट लावली.

"अजून नाही," तो म्हणाला. "पण सूट शिवून तयार आहे."