बिब्ब्याचे हात

सारजाबाई दार कोपरानं उघडायच्या. नमस्कार कोपरं जोडून, प्रसाद पदरात, आणि कुणी जवळ सरकलं की ठरलेलं वाक्य, "दुरून बोला, मला ऐकू येतंय." गाव त्यांना गर्विष्ठ म्हणे. कारण साधं होतं. त्या बिब्बे फोडायच्या.

ज्यांना बिब्बा फक्त दुकानात भेटतो त्यांच्यासाठी सांगते. लिंबागणेशच्या वरच्या अंगाला, गवतही जेमतेम उगवतं अशा मुरमाड उतारावर हे झाड येतं. पाणी थोडं, काळजी कुणाचीच नाही. हिवाळ्यात वर केशरी बोंड, खाली काळी बी. बोंड पोरं खातात. बीच्या तेलानं परीट कपड्यांवर खुणा करतो, गाडीवान ते आसाला लावतो. आत गोडंबी असते, बाळंतिणीच्या लाडवांत घालायची. ती काढताना तेल उडतं आणि लागेल तिथं फोड येतो. निजामाच्या जंगलनाक्यावरचा जवान साऱ्यांच्या पाट्या उपसायचा. सारजाबाईंना मात्र लांबूनच काठीनं पुढं घालवायचा. त्या म्हणत, "माझा दरारा हाय."

त्यांची लेक ठकू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तर सारजाबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही; जमीनसुद्धा तेल प्यायलेली. बाळंतपण शेजारी, आमच्या घरी मागच्या खोलीत झालं. सामानाची यादी मी केली: बाज, शेगडी, वेखंड, डिंक, गोडंबी. गोडंबी अर्थात त्यांचीच.

मुलगा झाला त्या दिवसापासून त्यांनी एकही बिब्बा फोडला नाही. सव्वा महिन्यानं सासरची गाडी येणार होती. तोवर हात निवळले तर नातू एकदा मांडीवर घ्यायचा, एवढंच मनात. रोज खोबरेल, चिंचेचा पाला, राख. दर आठवड्याला त्या माझ्या दंडावर बोटं दाबत, दुसऱ्या दिवशी मी दंड दाखवी आणि पंचांगाच्या कडेला लिहून ठेवी. आधी चिंचोक्याएवढा फोड, मग हरभऱ्याएवढा. गाडी यायच्या आदल्या दिवशी मोहरीएवढा.

मी म्हटलं, मोहरी म्हणजे काहीच नाही, घ्या आता.

"वैनी, तुमचं कातडं जून हाय," त्या म्हणाल्या. "त्याचं न्हाई."

निघताना ठकू विनवत होती, आये, दुपट्यातून तरी घे. त्यांनी मान हलवली. दुपट्यातूनही तेल उतरतं म्हणाल्या. ठकू गाडीत चढेपर्यंत पोर माझ्याकडे होतं. अंगणाच्या त्या टोकावरून त्यांनी विचारलं,

"वैनी, किती जड हाय?"

"चार शेर भरेल."

"पायलीभर म्हना की."

गाडी गेली. संध्याकाळी त्या आमची पायली मागून घेऊन गेल्या. आमच्याकडे मागून नेलेली वस्तू त्याच दिवशी परत येते, म्हणून दिवेलागणीला मी आणायला गेले. दार उघडंच होतं. पायलीभर जोंधळे धडप्यात बांधून सारजाबाई ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एक तळहात खाली, मान सावरतात तसा.

मी पायली न मागता परत आले.