माझं मोअर बेटर इंग्रजी

इंग्रजीचा मी कधी बाऊ केला नाही. विमा कचेरीत टंकलेखक होतो मी. साहेबांची सगळी इंग्रजी पत्रं माझ्या बोटांखालून गेली आहेत. चिरंजीवांनी परमुलखातली, मराठीचा गंधही नसलेली बायको करून आणली, तेव्हा आमच्या हिचे हातपाय गार पडले. मी मात्र मिशीला पीळ दिला.

"अहो, तिच्याशी बोलायचं कसं?"

"मी आहे ना!"

घोर निराळाच होता. दोघांनी एक फ्लॅट पाहून ठेवला होता. तिकडे जायचं की आमच्यापाशी राहायचं, हे रविवारपर्यंत ठरवायचं होतं. ती दोघं इथेच राहावीत म्हणून हिचा जीव टांगणीला लागला होता. माझाही लागला होता, पण मी पडलो घरातला कर्ता पुरुष.

"तुम्ही जास्त बोलू नका तिच्याशी," ही म्हणाली.

"अगं, कुणापेक्षा तरी चांगलं म्हटलं की माणूस खूश होतं. आणि इंग्रजीत ते म्हणजे पोरखेळ. छोट्या शब्दाच्या शेपटीला 'अर' नाहीतर 'एस्ट' लावायचं, लांबलचक शब्दाआधी 'मोअर' नाहीतर 'मोस्ट'. 'गुड'चं तेवढं 'बेटर' होतं. मी तर 'बेटर'लाही वर एक 'मोअर' लावतो. हात कशाला आखडता घ्यायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंनी आम्लेट केलं. झकास झालं होतं. मी मनात वाक्य जुळवलं, 'माझ्या बायकोपेक्षा तू चांगला स्वयंपाक करतेस.' मराठीत बायको आधी, म्हणून इंग्रजीतही आधी बायकोच घेतली.

"माय वाइफ इज मोअर बेटर कुक दॅन यू."

सूनबाईंचा घास हातातच राहिला. हळूच "सॉरी" म्हणाली. काय विनय पोरीचा! मला भरूनच आलं.

दुपारपर्यंत ती गप्पच होती. "पोरीला काय झालंय?" हिने विचारलं. मी म्हटलं, लाजतेय, नवीन आहे. मग म्हटलं, जरा माया दाखवावी. घरात तू सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांची लाडकी, असं सांगावं. लहान म्हणजे लिटल. लिटल, लेस, लीस्ट! शाळेतलं पाठांतर असं ऐनवेळी धावून येतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"इन धिस हाऊस, यू आर द लीस्ट."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं. लोखंड तापलंय तोवर घाव घालावा म्हणून मी मुद्द्यालाच हात घातला. 'त्या घरापेक्षा हे घर चांगलं,' असं मनात घोकलं आणि ठासून म्हणालो, "दॅट हाऊस इज मोअर बेटर दॅन धिस हाऊस. व्हेरी व्हेरी मोअर बेटर."

ती उठून खोलीत गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं, "काम फत्ते. आता कुठे जात नाहीत ती."

संध्याकाळी चिरंजीव कामावरून आले, तेव्हा खोलीत पलंगावर बॅग उघडी पडली होती. सूनबाई एका बाजूने कपडे आत भरत होती, आमची ही दुसऱ्या बाजूने ते बाहेर काढत होती. दोघी रडत होत्या, आपापल्या भाषेत.

"बाबा, काय बोललात तुम्ही तिला?"

मी तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली. उच्चारासकट. चिरंजीवांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बाबा, मराठीत 'पेक्षा' ज्याला लागतं तो उणा. इंग्रजीत तो 'दॅन'च्या नंतर येतो. तुम्ही आधीच घेतलात! आईचा स्वयंपाक तुझ्याहून चांगला, आणि ते घर या घराहून चांगलं, असं सांगितलंत तिला. वर लीस्ट म्हणजे या घरात तुला काडीची किंमत नाही."

आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराआड सरकलो.

चिरंजीवांनी बायकोला सगळं समजावलं. ती ऐकता ऐकता आधी रडायची थांबली, मग माझ्याकडे बघून खुदकन हसली, आणि मग हसू आवरेना म्हणून बॅगेवरच बसली. हिने तिच्या हाताखालून उरलेले कपडे ओढून घेतले आणि थेट कपाटात ठेवले. फ्लॅटवाल्याला त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. माझा जीव भांड्यात पडला.

आता सूनबाई मराठी शिकते. माझ्याकडे नाही, हिच्याकडे. परवा जेवताना तिने पहिलं अख्खं वाक्य बोलून दाखवलं, एकेक शब्द सांभाळून.

"बाबांपेक्षा… आई… हुशार."

मी प्रेमाने हसलो. "बघा, बिचारीचंही उलटं झालं. तिला म्हणायचंय, आईपेक्षा बाबा…"

"नाही बाबा," ताटातून मान वर न करता चिरंजीव म्हणाले, "तिचं बरोबर आहे."