अल्हाजा सिदिकातूंनी नाताळचा भात राखिला त्याची हकीकत

इबादान शहरी, मापो टेकडीचे पायथ्याशी, तांबड्या गंजल्या पत्र्यांचे आळीत डिसेंबरचे पंचविसावे तारखेस जो संग्राम जाहला, तो ज्याने त्याने आपल्या घरचे मीठमसाला लावून सांगितला आणि त्यात सत्य बुडाले, सबब जैसे घडले तैसे येथे लिहिले असे. कोणास झोंबले तर झोंबो.

तर अल्हाजा सिदिकातू, उमर सत्तर, हजहून सोन्याचा दात बसवून आलेल्या, म्हणून अल्हाजा, आळीत त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. आणि त्यांचे भिंतीस भिंत लावून बोयेगाची आई, ख्रिस्ती, विधवा. उभयतांचा स्नेह चाळीस सालांचा. दस्तूर ऐसा की, बकरी ईदेस अल्हाजांकडील मेंढ्याची तंगडी बोयेगाचे आईकडे रवाना व्हावी, आणि नाताळास बोयेगाचे आईने अंगणात लाकडे पेटवून, टोमॅटो-मिरचीत लालभडक जोलोफ भात शिजवावा, आणि अल्हाजांनी चुलीपाशी बसकण मारून तो खरवडीसकट खावा. मध्ये दुखणी आली, दंगे आले, दोघींचे दादले गेले, परंतु नाताळास ते दार बंद ऐसे कोणी देखिले नाही.

मग ऐसे जाहले की, बोयेगा, उमर एकोणचाळीस, मोटारीच्या बॅटऱ्यांचे दुकानदार, यांनी ख्रिस्ती प्रार्थनेची नवी मंडळी धरिली. ती मंडळी एका शेडमध्ये भरे आणि आपणाखेरीज देव कोणास ठाऊक नाही ऐसे समजे. तेथून बोयेगांनी फर्मान आणिले की, पंचवीस डिसेंबर ही तारीख पवित्र ग्रंथात कोठेही नाही, सबब नाताळ हा धर्माचा सण नव्हे, पोटाचा तमाशा आहे, सबब या घरी भात शिजणार नाही आणि त्या दिवशी दार उघडणार नाही. आईस पुसिले नाही. दुसऱ्याचे ताटावर पहारा करणारांस धर्मासारखे स्वस्त हत्यार मिळत नाही, मग ते आईस कशास पुसतील?

चोविसावे तारखेस सकाळी अल्हाजांनी भिंतीवरून नजर टाकिली, तो अंगणात लाकूड नाही, कोंबडी नाही. मग जातीने जाऊन दार ठोठाविले. खिडकी बोटभर उघडली.

"परत जा गं अल्हाजा. तो दार उघडू देत नाही."

"का? कोण मेलं?"

"नाताळ खोटा आहे म्हणे."

"खोटा? मग चाळीस वर्षं मी काय वारा खाल्ला?"

बोयेगाची आई हसली नाही. डोक्याचे रुमालाचे टोक तिने डोळ्यांस लाविले आणि खिडकी मिटली. अल्हाजांचे काळजात सुरी फिरली. भाताचे काय, भात कोठेही मिळतो. परंतु या वयात मैत्रिणीचे दार एकदा बंद जाहले, तर ते उघडेतो आपण असू की नसू, हा भरवसा कोणी द्यावा?

मग मसलत बसली. इमामसाहेबांस पाचारण केले. त्यांनी सल्ला दिधला की, हा त्यांचे धर्मातील मामला, आपण दखल देऊ नये. त्यावर अल्हाजा कडाडल्या, "इमामसाहेब, गेल्या नाताळी दोनदा भात मागून घेतलात, तेव्हा कुठे गेला होता मामला?" इमामसाहेबांनी दाढी कुरवाळिली आणि मसलत एकमते पार पडली.

पंचविसावे तारखेस, पलीकडे ख्रिस्ती देवळांच्या घंटा वाजत असता, फौजेने कूच केले. आघाडीस खासा अल्हाजा, दुखरा पाय आणि काठी. मागे तीन सुना, डोईवर सरपण, हंडे, तांदूळ आणि पाच हलाल कोंबड्या. फौज दारी येऊन भिडली, आणि बोयेगा दाराचे फटीत उभे राहिले.

"बोयेगा, तुझी पहिली लंगोटी मी बांधलीय. दार उघड."

"मावशी, रागावू नका. नाताळ धर्माचा नाही."

"नक्की?"

"ग्रंथात दाखवा!"

"राहू दे. म्हणजे आजचा दिवस साधा?"

"अगदी साधा."

"मग साध्या दिवशी शेजारणीकडे भात शिजवू नये, असं तुझ्या ग्रंथात कुठे आहे? आता तू दाखव."

बोयेगा काखेतील ग्रंथाची पाने चाळू लागले.

"आणि धर्माचा असेल," अल्हाजा पुढे सरल्या, "तर ख्रिस्ती असून पाळत नाहीस म्हणून तुला लाज वाटू दे. बोल, कुठल्या बाजूनं हरतोस? पाय दुखतोय माझा."

आतून आई बोलिली, "अरे, तिला बसायला तरी दे!"

मग तह जाहला की, भात शिजावा, परंतु नाताळ हा शब्द कोणी उच्चारू नये, गाणे म्हणू नये, आणि हे नुसते जेवण समजावे. अल्हाजांनी सर्व कबूल केले. दार उघडले आणि दोघी म्हाताऱ्या चुलीशी गुडघ्यास गुडघा लावून बसल्या. धूर दाटला, मिरची दरवळली, आणि इमामसाहेब सहज म्हणून डोकावले ते बसलेच.

भात वाढिला. आणि येथे बोयेगांची तोफ बोयेगांवरच फिरली. त्यांचे मंडळीचा दंडक ऐसा की, प्रार्थनेवाचून घास घेणे पाप, आणि प्रार्थना त्रोटक करणे त्याहून पाप. सबब ते डोळे मिटून उभे राहिले आणि भाताबद्दल देवाचे आभार मानू लागले. मग भातावरून पावसावर गेले, पावसावरून आकाशावर, आणि आकाशातून पुत्र धाडिला त्याजवर. आणि पुत्र आला म्हटल्यावर तो कोठे जन्मला हे सांगणे प्राप्त जाहले. मग गोठा आला, मग मेंढपाळ आले, मग तारा आला. सुना दर थांब्यास "आमीन" म्हणत होत्या. आई रडत होती, आणि यावेळी रुमाल डोळ्यांस लावीत नव्हती. मध्येच बोयेगांचे ध्यानी आले की आपण कोठे येऊन पोहोचलो, त्यांनी एक डोळा उघडिला. परंतु पुत्रास गोठ्यात निजवून मागे कसे फिरावे?

"आवर रे बाळा," अल्हाजा म्हणाल्या, "आमच्या इमामांचा शुक्रवारचा खुतबासुद्धा एवढा लांबत नाही."

"लांबतो," सुना म्हणाल्या. इमामसाहेब भाताकडे पाहत राहिले.

येणेप्रमाणे अल्हाजा सिदिकातू यांची फत्ते जाहली. आपलेकडील पाच कोंबड्या कामी आल्या. शत्रूकडील एक फर्मान. नाताळ धर्माचा सण की नुसते जेवण, यावर शेडमधील मंडळी अद्याप भांडते आहे. ज्याने नाही म्हटले त्यानेच तो उभा राहून साजरा केला, आणि आई वगळता साक्षीस सगळे मुसलमान होते. बोयेगांनी खरवड मागून घेतली, आणि आईने ती अल्हाजांस अगोदर वाढिली. हे खरे असे.