सकाळी आठनंतर

आठल्येअण्णांसमोर तुम्ही नुसती सही करा, तुमचं पोट साफ झालंय की नाही ते सांगतील. तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतील, आणि मागे रांगेत चार माणसं उभी असली तर जरा मोठ्याने सांगतील.

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा काजूचा कारखाना आहे. अण्णा तिथे हेडक्लार्क आणि मी, कदम, त्यांच्या हाताखालचा क्लार्क. अण्णा मूळचे देवरूखकडचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, शर्ट कायम पांढरा आणि खिशाला दोन पेनं: एक स्वतःचं, एक लोकांना द्यायचं. हजेरीचं मस्टर त्यांच्या टेबलावर असायचं. कारखाना साडेआठला सुरू व्हायचा, पण मस्टर आठला उघडायचं, आणि पहिली सही अण्णांची. मग त्यांच्या देखत एकेकाने सही करायची. ते सहीकडे बघायचे, मग आपल्याकडे बघायचे, मग परत सहीकडे.

"काय रे कदमा, शेपटी पडल्ये तुझ्या सहीची. काल काय गिळलंस?"

सहीचं शेवटचं वळण म्हणजे शेपटी. ती वर गेलेली असली की माणूस ठणठणीत. आडवी गेली की पित्त. खाली पडली की पोट. शेपटीच नसली की प्रकरण गंभीर. 'अक्षर खोटं बोलत नाय' हे त्यांचं पालुपद. हे शास्त्र त्यांना कोणी शिकवलं ते कळायला मार्ग नाही, बहुधा त्यांनीच ते स्वतःला शिकवलं असावं. टेबलाच्या खालच्या खणात ओवा, सुंठ, आवळकाठी आणि कोकमाच्या तेलाचा गोळा असायचा. निदान झालं की खण उघडायचा आणि रुग्णाला पुडी घेतल्याशिवाय सुटका नसायची.

त्यांचं निदान जवळजवळ नेहमी चुकायचं, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. एकदा माझी सही बारीक आली म्हणून त्यांनी मला साखर तपासायला पिटाळलं. साखर व्यवस्थित निघाली. मी फक्त पेन बदललं होतं. मॅनेजरसाहेबांची सही एकदा फार सरळ आली, तर अण्णांनी त्यांना कंबर शेकायला सांगितलं. साहेबांच्या कंबरेला काही झालेलं नव्हतं, त्यांच्या सासूबाई आल्या होत्या.

नफीसाभाभींचं असंच. त्या काजू फोडणाऱ्या बायकांच्या सुपरवायझर, नवरा कुवेतला. एका सकाळी त्यांनी अर्धीच सही केली. अण्णा म्हणाले, "डोळे तपासून घे गो. अक्षर अर्धं राहिलंय." डोळ्यांना काही झालं नव्हतं. चार दिवस नवऱ्याचा फोन नव्हता, आणि हे त्यांनी घरी सासूलाही सांगितलं नव्हतं. ते त्यांनी अण्णांना रडत सांगितलं. अण्णांनी ओव्याची पुडी परत खणात ठेवली, ऑफिसच्या फोनवरून कुवेतचा नंबर लावून दिला आणि लागेपर्यंत लावत राहिले. दुपारी फोन लागला. नवऱ्याचा मोबाइल पाण्यात पडला होता, दुसरं काही नाही. अण्णा जाताना म्हणाले, "तरी डोळे तपासून घेच."

म्हणजे रोग चुकायचा, पण काहीतरी झालंय एवढं बरोबर असायचं.

मस्टरमध्ये सहीऐवजी अंगठा करणाऱ्याही दहाबारा म्हाताऱ्या होत्या. अण्णा अंगठाही वाचायचे. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी खातं, आणि वीस-पंचवीस वर्षं काजू फोडले की बोटांवर रेघाच राहत नाहीत. मागे एकदा कंपनीने अंगठ्याचं हजेरीयंत्र पाठवलं होतं. ते आठवड्याभरात परत गेलं, कारण त्याच्या मते आमच्याकडे निम्म्या बायका अस्तित्वातच नव्हत्या. मुख्य कार्यालयाने यंत्र बदलावं की हातमोजे पाठवावेत याचा विचार केला आणि यंत्र बदलायचं ठरवलं. हातमोज्यांसाठी अण्णा दर महिन्याला अर्ज लिहायचे. ते येईपर्यंत स्वतः खोबरेलाची बाटली आणून गेटवर ठेवायचे आणि प्रत्येकीला हात चोपडल्याशिवाय आत सोडायचे नाहीत.

अशा ठिकाणी मग आरोग्य आलं. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून कीर्तने मॅडम नावाच्या एक हसतमुख बाई 'निरोगी कर्मचारी, आनंदी कंपनी' ही योजना घेऊन आल्या. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी तासभर सांगितलं की सलग बसू नका, दर तासाला खुर्चीतून उठा, मान गोल फिरवा. जमिनीवर पाटावर बसून आठ तास काजू फोडणाऱ्या बायकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी काही शंका आहेत का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा नफीसाभाभी उठल्या.

"मॅडम, उठतो आम्ही खुर्चीतून. खुर्च्या कधी येतील?"

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. खुर्च्या आल्या नाहीत, पण ऑफिसातल्या आम्हा बाराजणांना पावलं मोजणारे मनगटी पट्टे आले. रोज दहा हजार पावलं चालायची, आकडे आपोआप मुंबईला जायचे आणि सगळ्या शाखांमध्ये स्पर्धा. अण्णांनी पट्टा घालायला साफ नकार दिला. "पट्टा कुत्र्याला घालतात," म्हणाले आणि तो खणात ओव्याशेजारी टाकला.

पहिल्या महिन्यात आमची शाखा शेवटून पहिली आली. साहेब तर गेटपासून केबिनपर्यंतही गाडीने येणारे. त्यांना वरून पत्र आलं, त्यांनी आम्हाला झापलं, आणि मला कल्पना सुचली. मला आळसातूनच कल्पना सुचतात. कारखान्यात काजूगर लहानमोठे वेगळे करायची एक मोठी चाळण आहे, ती दिवसभर थडथड हलत असते. जेवणाच्या सुट्टीत मी अकरा पट्टे गोळा केले आणि चाळणीच्या दांडीला बांधले. एका दुपारीत आमचे साहेब देवरूखला चालत जाऊन परत आले. पुढल्या महिन्यात आमची शाखा पहिली आली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटत होतं की आता चौकशी येणार. चौकशी नाही आली, बक्षीस आलं. सगळ्यांत आरोग्यदक्ष शाखा म्हणून नवं यंत्र सर्वांत आधी आम्हाला मिळालं. चेहरा बघून हजेरी घेणारं. त्याच्यासमोर उभं राहिलं की चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येते आणि आतली बाई गोड आवाजात म्हणते, "धन्यवाद. आज आपण प्रसन्न दिसता." ती सगळ्यांनाच असं म्हणते. दाढ सुजून गाल वर आलेला असताना ती मला म्हणाली, मी हे दुसऱ्याचं सांगत नाही.

यंत्र आलं त्याच दिवशी मस्टर बंद झालं.

अण्णा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी दाराशी फाईल घेऊन उभा होतो. कोणाकडे काही मागायची सवय नसलेला माणूस मागायला लागला की फार बोलतो, तसं अण्णा बोलत होते. मस्टरचे फायदे, वीज गेली तर काय, पावसात यंत्र बंद पडलं तर काय. शेवटी म्हणाले, "दोन वर्षं राहिल्येत साहेब माझी. तेवढी चालू ठेवू या. वही मी माझी आणीन." साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, अण्णा, एकाच गोष्टीची दोनदा नोंद कशाला, तुम्हीही जरा आराम करा. अण्णा बाहेर आले आणि टेबलावरची मस्टरची जागा त्यांनी फडक्याने पुसली.

त्यानंतर ते आमच्याशी आजाराबद्दल बोलेनासे झाले. सकाळची माणसं यंत्राला तोंड दाखवून परस्पर आत जायची. ज्या पुडीला आम्ही वर्षानुवर्षं हसलो ती कोणी देईना तेव्हा चुकल्यासारखं वाटायला लागलं. मला तर जास्तच, कारण चाळणीला पट्टे मी बांधले होते. अण्णांना ते माहीत होतं. एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला फार लागलं.

महिन्याभराने कीर्तने मॅडमनी योजनेचा फॉर्म पाठवला. रक्तगट, उंची, वजन, ताण वाटतो का, वाटल्यास किती. भरलेले फॉर्म गोळा करून मुंबईला पाठवायचं काम माझ्याकडे होतं. अण्णांचा फॉर्म त्यांच्या त्या वळणदार अक्षरात भरलेला होता. शेवटचा रकाना होता: तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे. अण्णांनी लिहिलं होतं, 'ऑफिसला. सकाळी आठनंतर.'

मला आधी हसू आलं. फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "अण्णा, इथे घरच्या कोणाचं तरी नाव लागतं."

"घरचं कोण?" ते म्हणाले. "बहीण होती मुरुडला, ती परवाच्या चैत्रात गेली. भाचा आहे, पण अमेरिकेत. त्याला कळवून तो काय करणार?"

"शेजारी?"

"बंगल्याला कुलूप त्यांच्या. गणपतीत येतात." मग पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "हे बघ, आठला माझी सही असायची. नसती तर नफीसा म्हणाली असती, अण्णा का नाय आला? सव्वाआठला कोणीतरी फोन केला असतान, नाय उचलला तर साडेआठला स्कूटर काढली असतीन. हे मी मोजून ठेवलं होतं. आता यंत्र काय म्हणेल? गैरहजर म्हणेल. महिनाअखेरीस."

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की मस्टर उघडून हा माणूस आम्हाला तपासतो. तो रोज सकाळी स्वतः जिवंत असल्याची सही करत होता आणि ती कोणीतरी बघावी म्हणून आम्हा सगळ्यांना तिथे उभं करत होता. मी फॉर्म घेतला आणि त्या रकान्यात माझं नाव नि माझा नंबर लिहिला. अण्णांनी ते बघितलं आणि पेन खिशाला लावलं.

तेव्हापासून मी आठला कारखान्यात असतो. एरवी मी आठ पस्तीसला धापा टाकत येणारा माणूस. यंत्राने याची दखल घेतली आणि योजनेमुळे कर्मचाऱ्यांत झालेला बदल म्हणून मुंबईहून मला एक प्रमाणपत्र आलं, त्यावर माझा प्रसन्न फोटो. ते बायकोने टीव्हीवर लावलं आहे.

परवा आठ वाजले आणि अण्णा नव्हते. आठ पाच झाले. फोन लावला, वाजत राहिला. नफीसाभाभी गेटवर होत्या, त्या म्हणाल्या, "कदमभाऊ, तुम्ही निघा. इथलं मी बघते." मी स्कूटर काढली, हेल्मेटसुद्धा घेतलं नाही. चढावरच्या वळणावर ट्रक आडवा आला तेव्हा मी त्या ड्रायव्हरला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रस्ताभर एकच दिसत होतं, बंद दार.

दार उघडं होतं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून, पडवीतल्या खुर्चीवर बसले होते. फोन समोर स्टुलावर. त्यांनी घड्याळ बघितलं.

"आठ एकोणीस," म्हणाले. "बरा आलास."

"तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरा आहे की. बघत होतो, कोण येतंय."

मला असा संताप आला की मी खाली पायरीवरच बसलो. मी त्यांना वाटेल ते बोललो, वयाचा मान न ठेवता बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "परत नाय करणार," एवढंच हळू आवाजात म्हणाले. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आले आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिले.

निघताना त्यांनी दाराला कुलूप घातलं, आणि खिशातून दुसरी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"असू दे तुझ्याकडे. रात्री आतून कडी घालत नाय मी हल्ली. म्हणजे किल्लीने उघडेल."

मी किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली. मग ते माझ्या मागे बसले आणि आम्ही कामाला गेलो.