कान उत्तम, टक्के अडतीस

कान हा मानवी देहाचा अत्यंत महत्त्वाचा अवयव असून तो बिघडला आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्या मालकाला नाही. त्यासाठी उपकरणं आहेत, आणि उपकरणांसाठी बुधवार आहे.

कुहीचे देवराव बत्तीस वर्षं राइस मिलमध्ये होते. गेल्या महिन्यात सोबतच्या माणसाने "पट्टा चालू करून राहिलो" असं तीनदा ओरडून सांगितलं, तरी त्यांनी हात काढला नाही. सदऱ्याची बाही गेली, हात वाचला. मालक ताराचंदशेठ भला माणूस. तो म्हणाला, "बहिरा झाल्याचा सरकारी कागद आण, तुले मशीनपासून दूर, पोती शिवाले बसवतो. कागद नसंल त मी काय करू, पट्ट्यापाशीच राहा लागंल."

म्हणून देवराव आणि त्यांची मुलगी दीक्षा (गावात शिकवण्या घेते, त्यामुळे मोठ्याने बोलण्याचा सराव आहे) एसटीने नागपूरच्या एका रुग्णालयात आले. पहिल्या बुधवारी काम झालं नाही. बहिरेपणाच्या तपासणीला आलेल्यांची नावं तिथे दारातून तोंडी पुकारतात. दीक्षा झेरॉक्स काढायला गेली असताना देवरावांचं नाव नियमाप्रमाणे तीनदा पुकारलं गेलं. देवराव त्याच दाराला टेकून बसले होते. रजिस्टरात 'गैरहजर' अशी नोंद झाली. ती चूक म्हणता येणार नाही. आवाज जिथे पोचत होता तिथे देवराव नव्हतेच.

दुसऱ्या बुधवारी दीक्षा जागची हलली नाही.

डॉ. केयूर यांनी आधी कानात बघायची छोटी दुर्बीण घेतली. तिच्या टोकाला दिवा असतो. (सेल संपल्यामुळे त्या दिवशी मोबाइलचा टॉर्च होता.) त्यांनी बराच वेळ मन लावून पाहिलं आणि म्हणाले, "पडदा सुंदर आहे. असा क्वचित बघायला मिळतो."

दीक्षाने ते ओरडून सांगितलं तेव्हा देवराव लाजले. अठ्ठावन्न वर्षांत त्यांच्या कुठल्याच अवयवाचं कुणी कौतुक केलं नव्हतं. दुर्बिणीची मर्यादा एवढीच की तिच्यातून कान दिसतो, ऐकणं दिसत नाही.

मग दोन दांड्यांचा एक धातूचा काटा ठोकून कानामागच्या हाडावर टेकवला. "झिणझिण्या येऊन राहिल्या," देवराव म्हणाले. डॉक्टरांनी लिहिलं: प्रतिसाद चांगला.

शेवटी आवाजबंद खोली. तिथले तंत्रज्ञ विश्वनाथ यांनी देवरावांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि पाटी दाखवली: 'आवाज आला की दाबा.' आता देवरावांच्या कानात राइस मिलची शिट्टी अकरा वर्षांपासून अहोरात्र वाजते. मिल बंद असते तेव्हाही. सरळ माणूस. आवाज आला की दाबायचं होतं, आवाज येतच होता, ते दाबत राहिले. उगाच बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्याला हे यंत्र तात्काळ पकडतं. खरं वागणाऱ्यासाठी त्यात वेगळं बटण नाही.

निकाल आला: अडतीस टक्के. कागदाला चाळीस लागतात.

"सर, त्यांच्या कानात सारखी शिट्टी वाजते," दीक्षा म्हणाली. "ते मशीनचा आवाज नाही, मिलचा ऐकून राहिले होते."

"ताई, शिट्टी कोणाची, ते मशीनले कळत नाही. दाबलं म्हणजे ऐकलं," विश्वनाथ म्हणाले. "एक दुसरी टेस्ट असते. डोक्याले तारा लावून झोपवतात, त्यात बटणच नसते. तिची तारीख मार्चची भेटंल."

"अन् तोवर?"

"दोनच टक्के तर कमी आहेत." विश्वनाथ मनापासून धीर देत होते. "काम काय करतात ते?"

"राइस मिलमध्ये आहेत."

"मग तोवर तेवढे होऊन जातीन."

जिन्यात दीक्षाने तळहातावर पेनाने आकडा लिहून वडिलांना दाखवला. देवरावांनी तो बराच वेळ बघितला.

"पस्तीसले पास करतात नं वं?"

"इथं चाळीस लागतात, बाबा."

दुकानात सदऱ्याचं कापड बघावं तसे देवरावांनी स्वतःचे दोन्ही कान चाचपले आणि उतरू लागले. उद्यापासून पुन्हा पट्ट्यापाशी उभं राहायचं होतं, एवढं त्यांना न ऐकताही समजलं.

फाटकाबाहेर रस्ता ओलांडताना मागून एका मोटरसायकलवाल्याने हॉर्न दिला. एकदा, दोनदा, मग हात न उचलता. देवराव आपल्या चालीने चालत होते. गाडी अंगाला घासून थांबली.

"काहून गा, बहिरा हायेस का?"

दीक्षा फाइल उघडून त्याच्यापुढे गेली. "दादा, हेच लिहून द्या. इथं, खाली सही करा."

त्याने फॉर्मकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी काढून निघून गेला.

"काय म्हणे तो?" देवरावांनी विचारलं.

दीक्षा त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "तुम्ही बहिरे हाये म्हणे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी नीट तपासल्यासारखं देवरावांना वाटलं. "डॉक्टर होता का?"

डॉक्टर नव्हता. निळा शर्ट, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, घाईत होता. त्या बुधवारी दुपारी दीडच्या सुमाराला आपण कुठे होता, जरा आठवून पाहा; फॉर्मवर सहीची जागा अजून रिकामी आहे.