क्लिफर्डची पोटभाडेकरू

क्लिफर्ड बॅराक्लफने एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात सरकारदरबारी एकच खोटं लिहिलं, आणि तेही काळ्या शाईत, ठळक खुणेने. कारण फॉर्मच्या माथ्यावर तशी सक्त सूचना होती आणि क्लिफर्ड सूचना पाळणारा माणूस. तीस वर्षं त्याने यॉर्कशरभर बस चालवली, पण पिवळ्या दिव्याला बस कधी पुढे काढली नाही. (मागचे प्रवासी तेव्हा काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं. तळमजल्यावर एक बेडरूम, एक बसायची खोली आणि दोन माणसं एकदम वळू शकणार नाहीत एवढं स्वयंपाकघर. बायको नऊ वर्षांपूर्वी खिडक्या बसवायला आलेल्या माणसाबरोबर निघून गेली. खिडक्या मात्र चांगल्या बसल्या होत्या, हे क्लिफर्ड आजही मान्य करतो. त्यानंतर घरात तो आणि त्याचा चहाचा मग, एवढाच संसार उरला.

मग बोलिंगच्या क्लबात ग्लेनिस पग भेटली. मूळची वेल्सची, शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झालेली, आवाज अजून चारशे पोरांना पुरेल एवढा. ती गूल गावी बहिणीकडे राहायची. आधी तिच्या सपाता आल्या, मग केकचा डबा, मग पडदे. शेवटी राहिली फक्त परवानगी. कौन्सिलच्या घरात कुणी कायमचं राहायला येणार असेल, तर भाडेकरूने हाउसिंग ऑफिसला लेखी कळवायचं असतं. अवघड काहीच नव्हतं. ऑफिस बहुतेक हो म्हणतं.

"शनिवारपर्यंत फॉर्म गेला पाहिजे," ग्लेनिसने बजावलं. "शेजारची एडना थॅक्रे जिन्यात दिसली की मी पाहुणी असल्याचं सोंग करायचं, हे आता बास. तुझ्या या इमारतीत मांजर पाळायलासुद्धा परवानगी काढतात. माझी किंमत मांजराएवढी तरी धर!"

"आजच भरतो," क्लिफर्ड म्हणाला.

आणि भरलाही. सहाव्या प्रश्नापर्यंत सगळं झकास चाललं. सातवा प्रश्न होता, राहायला येणाऱ्या व्यक्तीचं तुमच्याशी नातं. पुढे चौकोन होते: पती-पत्नी, जोडीदार, मूल, इतर नातेवाईक, पोटभाडेकरू.

'जोडीदार'च्या चौकोनाशी पेन गेलं आणि तिथेच अडलं. त्या ऑफिसच्या खिडकीत मॉरीन लम्ब बसते. मॉरीन आणि तो लहानपणी एकाच चॅपलमध्ये भजनं गायचे. ती हा फॉर्म वाचणार, चष्मा वर करणार आणि तिला कळणार की क्लिफर्ड बॅराक्लफ या वयात... क्लिफर्डच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्या सुखाची अशी दवंडी पिटणं त्याला कधी जमलंच नव्हतं. बरं, 'पोटभाडेकरू' हा शब्द कसा स्वच्छ, सोज्वळ! त्याने तिथे खूण केली, पाकीट चिकटवलं आणि ग्लेनिसला सांगितलं, "पाठवला."

तिने त्याच्या टकलावर मुका घेतला. क्लिफर्डला स्वतःची लाज वाटली, पण पाकीट तोवर टपालपेटीत पडलं होतं.

पंधरा दिवसांनी कौन्सिलचं तपकिरी पाकीट आलं. तपकिरी पाकीट आलं की ते न फोडता घड्याळामागे खोचायचं आणि स्वतःहून निवळायची वाट बघायची, ही क्लिफर्डच्या आईची रीत. त्याने ती पाळली.

म्हणून गुरुवारी सकाळी अकरा वाजता दारात हाउसिंग ऑफिसच्या मिसेस हॅगर्टी उभ्या राहिल्या, तेव्हा त्याला काहीच पत्ता नव्हता. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल आणि मोजपट्टी.

"पत्र मिळालं ना? पोटभाडेकरूच्या खोलीची पाहणी."

"मिळालं," क्लिफर्ड घड्याळाकडे बघत म्हणाला.

बाथरूममध्ये ग्लेनिस टबात होती आणि चॅपलमधलं भजन वेल्श भाषेत सर्व ताकदीनिशी म्हणत होती.

"त्याच का?"

"रेडिओ," क्लिफर्ड म्हणाला. मग वाटलं, रेडिओला पाणी उडवता येत नाही. "म्हणजे, त्याच."

"पोटभाडेकरूला स्वतंत्र झोपायची खोली लागते, मिस्टर बॅराक्लफ. इथे बेडरूम तर एकच."

"ती तिला दिलीय."

"आणि तुम्ही?"

"मी? सोफ्यावर. मला आवडतं."

मिसेस हॅगर्टींनी मोजपट्टी सोफ्यावर टाकली. "चार फूट सात इंच. तुमची उंची?"

"सहा फूट. पण मी दुमडतो."

"करून दाखवाल?"

क्लिफर्ड सोफ्यावर आडवा झाला. एक पाय सोफ्याशेजारच्या उभ्या दिव्याच्या खांबात अडकला आणि दुसरा केकच्या डब्यावर गेला. मिसेस हॅगर्टींनी काहीतरी लिहून घेतलं. (बरंच लिहून घेतलं.) मग त्या बेडरूमच्या दारापाशी गेल्या. मोठा पलंग, दोन उश्या, एका उशीवर घडी न घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

"हा कुणाचा?"

"तिचा," क्लिफर्ड सोफ्यावरून म्हणाला. "धिप्पाड आहे ती."

"कोण धिप्पाड?" बाथरूमचं दार उघडलं. ग्लेनिस, झगा घातलेली, डोक्याला टॉवेल. पाच फूटही पुरती नाही. "अगंबाई, ऑफिसातून आलात ना? बसा, चहा टाकते. क्लिफ, झोपलास काय असा?"

"आभारी आहे. तुम्हीच मिस पग? इथल्या पोटभाडेकरू?"

टॉवेलमधून एक थेंब गालिच्यावर पडला. ग्लेनिसने आधी मिसेस हॅगर्टींच्या हातातला फॉर्म पाहिला, मग ती काळी, ठळक, सुबक खूण, आणि मग क्लिफर्डला.

"पोटभाडेकरू," ती म्हणाली. चारशे पोरांना पुरणारा आवाज एकदम एका माणसापुरता झाला. "बरं झालं कळलं. बॅग भरायला मला अर्धा तास लागतो. गूलची बस साडेबाराची ना रे? तुला पाठ असेल."

पाठ होती. बारा चाळीसची होती. ती तिला घेऊन जाईल आणि पुन्हा एक मग उरेल, हे क्लिफर्डला सोफ्यावर अडकल्या अवस्थेत लख्ख दिसलं. त्याला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, खिडक्यांच्या वेळीसुद्धा नाही. तो उठला. दिव्याचा खांब पायाबरोबर आला, तो तसाच घेऊन तो म्हणाला, "खोटं लिहिलं मी! मॉरीन लम्ब वाचेल म्हणून लाजलो. ही माझी पोटभाडेकरू नाही. ही माझी जोडीदार आहे! एकाच पलंगावर झोपतो आम्ही! पायजमा माझा आहे!"

खिडकी उघडी होती. बाहेर कुंड्यांना पाणी घालणारी एडना थॅक्रे म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं? मार्च महिन्यापासून सगळ्या इमारतीला माहीत आहे."

मिसेस हॅगर्टींनी फाइलमधून कोरा फॉर्म काढला. "जोडीदाराला मोजपट्टी लागत नाही हो. पहिल्यांदाच लिहिलं असतंत, तर मी आलेच नसते."

ग्लेनिसने पेन क्लिफर्डच्या हातात दिलं आणि शेजारी उभी राहिली. क्लिफर्डने 'जोडीदार'पुढे अशी खूण केली की कागद फाटला. दुसरा फॉर्म घ्यावा लागला.

"म्हणजे राहतेस ना?" मिसेस हॅगर्टी गेल्यावर त्याने विचारलं.

"राहते की. पण कागदोपत्री अजून मी पोटभाडेकरूच आहे, राजा. आणि आत्ताच तू साहेबीणबाईंसमोर बेडरूम मला दिलीस."

"परवानगीचं पत्र येईपर्यंतच ना?"

"बघू."

पत्र बारा तारखेला आलं. आयुष्यात पहिल्यांदा क्लिफर्डने तपकिरी पाकीट दारातच फोडलं आणि धावत बेडरूमशी गेला. ग्लेनिसने चष्मा लावून शांतपणे वाचलं. "परवानगी पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू. सूचना पाळणारा माणूस ना तू?" आणि तिने त्याची उशी त्याच्या हातात ठेवली.

पत्राचा दुसरा परिच्छेद क्लिफर्डने सोफ्यावर पडून वाचला, एक पाय दिव्याच्या खांबात घालून. पाहणीदरम्यान आढळल्यानुसार, त्यात लिहिलं होतं, बसायच्या खोलीतला सोफा प्रौढ व्यक्तीला झोपण्यास सर्वथा अयोग्य आहे.